छोटा हत्ती आणि रानघोडा

चूल, मशीन, गोठा, दुकान जिथे असाल तिथून ऐकताय, हातातलं काम चालू ठेवा. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. मागच्या महिन्यात आम्ही शेळ्यांच्या लसीकरणावर बोललो, त्याआधी गटाच्या हिशेबाच्या वहीवर. आज आम्ही बोलणार आहोत गाड्यांवर. त्यातही दोन दारांच्या, बुटक्या, उतरत्या छपराच्या, धावायलाच जन्माला आलेल्या गाड्यांवर. त्यांना कूपे म्हणतात.

बचत गटाच्या बायकांना कूपेचं काय, असं कुणी विचारेल. विचारा. आम्हालाही घरी विचारलंच होतं.

आमच्या गटाची एक गाडी आहे, आमच्या नावावरची. सेकंड हँड टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. २००५ साली ही गाडी बाजारात आली आणि गावोगावच्या भाजीवाल्यांची, मंडपवाल्यांची झाली. इंजिन दोन सिलेंडरचं, सातशे सीसीच्या आसपास, ताकद सोळा घोड्यांची. तीन वर्षांपूर्वी आम्ही ती जेवणाच्या ऑर्डरी पोचवायला घेतली. तिच्यावर गाडी शिकलो, तिच्या मागे बसून पातेली सांभाळली. गाडीची गोडी आम्हाला लागली ती तिच्यामुळेच. एकदा क्लच कुठे धरतो ते पायाला कळलं, की रस्त्यावरची प्रत्येक गाडी वेगळी दिसायला लागते.

गेल्या जानेवारीत पाचगणीच्या बाजूला एका रिसॉर्टवर साठ माणसांच्या न्याहारीची ऑर्डर मिळाली. थालीपीठ, मटकीची उसळ, खर्डा, दही आणि चहा. कुणाचा कार्यक्रम आहे ते विचारलं, तर म्हणाले, पुण्याच्या गाडीवाल्यांचा. आम्हाला वाटलं ट्रॅव्हल्सवाले असतील. सकाळी साडेसातला आमचा छोटा हत्ती धापा टाकत फाटकातून आत गेला आणि पाठोपाठ एकेक गाडी यायला लागली. लाल, पिवळी, राखाडी, सगळ्या जमिनीला चिकटलेल्या. आमच्या खजिनदार आक्का म्हणाल्या, "ह्या काय बसलेल्याच हायत का अजून उभ्या राह्यच्यात?"

कूपे हा शब्द फ्रेंच आहे. तिकडे कापण्याला जो शब्द आहे, त्यातून तो आला. घोड्याच्या बग्ग्या होत्या तेव्हा चार जणांच्या बग्गीतली पुढची बाजू कापून टाकली आणि दोघांपुरती बंद बग्गी केली, तिला कूपे म्हणायला लागले. पुढे मोटारी आल्या, तरी नाव तेच राहिलं. आमच्या गटात चौघी शिवणकाम करतात. त्यांना हे एका वाक्यात कळलं. कापड तेच असतं, कटिंग बदललं की अंगावर वेगळं बसतं. साध्या गाडीचं छप्पर पेटीच्या झाकणासारखं असतं, माणसाच्या डोक्यावर नीट जागा सोडून मागे उभं उतरणारं. कूपेचं छप्पर पुढच्या सीटच्या वरून जे उतरायला लागतं, ते शेवटच्या दिव्यापर्यंत उतरतच जातं. नदीतला गोटा असतो ना, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेला, तसं. गोट्याला पाणी जसं अडत नाही, तशी या गाडीला हवा कमी अडते. मागच्या माणसाच्या डोक्याला जागा राहत नाही, ही त्या कापण्याची किंमत. मागची सीट असते, पण ती लहान मुलांना, पिशव्यांना, नाहीतर नको असलेल्या पाहुण्यांना.

आता बाजारात चार दारांच्या उंच गाड्यांनाही कूपे म्हणायची पद्धत पडली आहे. टाटाची कर्व्ह, महिंद्राची बीई ६. छप्पर मागे उतरतं म्हणून ते नाव. दिसतात छान, घरच्या चार माणसांना सोयीच्याही आहेत. पण दोन दारांची खरी कूपे जवळून बघितली की कळतं, हे वेगळंच प्रकरण आहे.

न्याहारी वाढून झाल्यावर आम्ही तिथेच फिरलो. कुणी हटकलं नाही. एक पोर्शे नऊशे अकरा होती. ही जर्मन गाडी १९६३ साली पहिल्यांदा लोकांना दाखवली, तेव्हा तिचं नाव होतं नऊशे एक. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीनं हरकत घेतली, की मध्ये शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे. मग शून्याच्या जागी एक आला आणि ते नाव जगात गाजलं. तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. साठ वर्षं झाली, तरी पुढचे गोल दिवे आणि मागे उतरणारी पाठ तशीच. एखाद्या घराण्याचं नाक जसं तीन पिढ्या ओळखू येतं, तसं. एक ऑडी टीटी होती, सगळीकडून गोल, उपड्या वाटीसारखी. आमच्या दोघींना तीच सगळ्यात आवडली. आक्कांना तिची डिकी कुठली आणि तोंड कुठलं, तेच कळेना.

आणि एक होती निळी मस्टँग. ती एका डॉक्टरबाईंची. पुण्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ, पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडी, पायात चपटे बूट. त्यांनी तिसरं थालीपीठ मागताना आम्ही गाडीकडे टक लावून बघताना पाहिलं. म्हणाल्या, "या, जवळून बघा. हात लावा, काही होत नाही." मग हसून पुढे म्हणाल्या, "पेट्रोल पंपावर मला नेहमी विचारतात, मुलाची का गाडी? मी सांगते, मुलाकडे स्कूटर आहे."

मस्टँग म्हणजे अमेरिकेतला रानघोडा. पुढच्या जाळीवर तो धावणारा घोडाच आहे. फोर्ड कंपनीनं ही गाडी १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात आणली. तोपर्यंत असली देखणी गाडी म्हणजे श्रीमंतांचं काम. फोर्डनं साध्या घरगुती गाडीचे सुटे भाग वापरले, वरून लांब नाक आणि आखूड पाठ असा कट दिला आणि सुरुवातीची किंमत ठेवली २३६८ डॉलर. नोकरी करणाऱ्या तरुण माणसाला झेपेल अशी. पहिल्याच वर्षी चार लाखांहून जास्त गाड्या खपल्या.

यातली एक गोष्ट आमच्या मनात बसली. मेळ्याच्या दोन दिवस आधी, १५ एप्रिलला, शिकागोत बावीस वर्षांची एक शिक्षिका दुकानात गाडी घ्यायला गेली. नाव गेल, पुढे लग्नानंतर ती गेल वाइज झाली. तिला शाळेत जायला गाडी हवी होती. दुकानदारानं मागच्या खोलीत झाकून ठेवलेली एक गाडी तिला दाखवली. आकाशी रंगाची, छत उघडणारी मस्टँग. अजून विक्री सुरू व्हायची होती, पण तिनं ती तिथल्या तिथे घेतली. अमेरिकेत विकली गेलेली पहिली मस्टँग एका शिक्षिकेनं नेली, असं आता फोर्डवालेही सांगतात. आणि पैसे? ते तिनं आई-वडिलांकडून उसने घेतले होते. त्या काळी अमेरिकेतही बाईला तिच्या एकटीच्या सहीवर कर्ज मिळणं अवघड असायचं. बाई आहे म्हणून कर्ज नाकारता येणार नाही, असा कायदा तिकडे १९७४ साली झाला. बँकेच्या दारात "मालकांना घेऊन या" हे ऐकलेल्या आपल्यातल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता गाडीकडे येऊ. डॉक्टरबाईंनी नाकावरचं झाकण उघडून दाखवलं. आठ सिलेंडर, चार इकडे, चार तिकडे, इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरके. म्हणून व्ही-एट. सगळे मिळून पाच लिटरचं इंजिन. आमच्या छोट्या हत्तीचं पाऊण लिटरलाही कमी. त्याचे घोडे सोळा, हिचे जवळजवळ चारशे. आपण एका चुलीवर रांधतो, लग्नाला आचारी आठ भट्ट्या लावतो, तसा फरक. मग त्यांनी बटण दाबलं. आवाज आला तो कानाला नाही, पोटाला लागला. उसाच्या गुऱ्हाळावर जुनं इंजिन लांबून ऐकू येतं ना, तसा खोल, एका लयीतला. बारीक पोरं ओरडली. आमच्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगायचं?

"गाडी चालवायचा परवाना कुणाकुणाकडे आहे?" त्यांनी विचारलं. आम्ही तिघी. दोघी छोटा हत्ती चालवणाऱ्या आणि तिसरी अंगणवाडीताई. तिनं लग्नाआधी माहेरी परवाना काढला होता आणि तो आठ वर्षं कपाटात साडीच्या घडीखाली होता. फाटकापासून इमारतीपर्यंत रिसॉर्टचा स्वतःचा सव्वा किलोमीटर रस्ता, दोन्ही बाजूंनी झाडं, मध्ये एक वळण. बाई शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "एकेक करून या."

दार आधी हाताला जाणवतं. दोन दारांची गाडी म्हणजे एकेक दार लांबलचक आणि जड. काचेला वरून चौकट नाही. कडी ओढली की काच आपोआप बोटभर खाली सरकते आणि दार सुटतं. लावलं की काच परत वर जाऊन बसते. मग बसायचं, म्हणजे खाली उतरायचंच. छोट्या हत्तीत आपण स्टुलावर बसल्यासारखे असतो, गुडघे वाकलेले, रस्ता पायाखाली. इथे चटईवर पाय पसरून भिंतीला टेकल्यासारखं. जमीन इतकी जवळ की बाहेरचं गवत डोळ्यांच्या पातळीला यायला थोडंच कमी. समोर लांब निळं नाक, त्यावर दोन उंचवटे. मधली बटणं विमानातल्यासारखी वर-खाली करायची.

डॉक्टरबाईंनी लगेच निघू दिलं नाही. आधी सीट पुढे घ्या. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मग पाठ. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, खांदे सीटवरून न उचलता. मग तिन्ही आरसे. मग पट्टा, आणि तो पोटावरून नाही, कमरेच्या हाडावरून. हा तीन टोकांचा पट्टा स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत १९५९ साली निघाला. बनवणारे इंजिनिअर नील्स बोहलिन. कंपनीनं तो सगळ्यांना वापरायला मोकळा ठेवला. बाई म्हणाल्या, पुरुषाच्या मापानं लावलेल्या सीटवर बसून बायका गाडी शिकतात, पाय पोचत नाही, समोरचं दिसत नाही आणि मग म्हणतात मला जमत नाही. मैत्रिणींनो, हे आम्ही जसंच्या तसं तुमच्यापर्यंत पोचवतोय, कारण हे अल्टोला लागू आहे, बोलेरोला लागू आहे आणि छोट्या हत्तीलाही.

या गाडीला क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. पाय ब्रेकवरून उचलला तशी ती स्वतःच सरकायला लागली. आमच्या हत्तीला हलवायचं म्हणजे त्याची समजूत काढावी लागते. हिला अडवून धरावं लागतं. पहिल्या फेरीला आम्ही वीसच्या वर गेलोच नाही. दुसरीला चाळीस. चाळीसला ती झोपेत चालल्यासारखी चालते. मग सरळ पट्ट्यावर बाई म्हणाल्या, "थोडा पाय द्या, अगदी थोडा." दिला. पाठीत कुणीतरी तळहात ठेवून ढकलावं तसं झालं. ढकलणारी मागची चाकं, म्हणून पाठीतून जाणवतं. क्षणभरच. लगेच पाय सोडला, ब्रेक लावला, ती शहाण्यासारखी थांबली. हात थरथरत होते आणि तोंडावरचं हसू जात नव्हतं.

अंगणवाडीताईची पाळी शेवटी आली. ती गाडीत बसली आणि मिनिटभर नुसतीच बसून राहिली. मग निघाली. वळणावरून दिसेनाशी झाली, परत आली, फाटकाशी वळवली, पुन्हा गेली. उतरल्यावर काही बोलली नाही. आमच्या चहाच्या किटलीपाशी जाऊन आधी पाणी प्यायली.

दुपारी भांडी घासून झाल्यावर बाई आम्हाला पसरणीच्या घाटात फिरवून आणायला निघाल्या. पुढे एक, मागे दोघी मावतील तशा. आक्का मागे बसल्या आणि त्यांचं डोकं काचेला टेकलं. "छप्पर कुणी कापलं ते कळलं मला," त्या म्हणाल्या. घाट आम्हाला पाठ आहे. डावीकडे कडा, उजवीकडे खाली धोमचं पाणी. एसटीत बसलं की प्रत्येक वळणाला आपण शेजारणीच्या अंगावर जातो. या गाडीत वळणावर आपण हललो नाही. कारण सोपं आहे. डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन झटकन वळून बघा, तोल जातो. तीच कळशी कमरेवर घेऊन वळा, काही होत नाही. वजन जितकं खाली, तितका तोल पक्का. एसटी म्हणजे डोक्यावरचा हंडा आणि कूपे म्हणजे कमरेवरची कळशी. म्हणून ती बुटकी. नुसती दिसायला नाही.

बाईंनी घाटात एकदाही घाई केली नाही. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करायच्या, वळण संथ घ्यायच्या, पुढचं सगळं दिसलं की मग हळूहळू वेग द्यायच्या. वळणात ब्रेक नाही, वळणावर ओव्हरटेक नाही. वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट. हा भारतातला नियमच आहे, सौजन्य नाही. त्यांनी सांगितलं, पावणेदोन टनांची गाडी रस्त्याला धरून असते ती चार टायरच्या जोरावर, आणि प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तळहातापेक्षा थोडी मोठी जागा. त्या चार तळहातांवर सगळा भार. आणखी एक हिशेब सांगितला, तो घरी मुलांना जरूर सांगा. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, ब्रेक लावल्यापासूनचं अंतर चौपट होतं. तीसला जी गाडी दहा पावलांत थांबते, तिला साठला चाळीस पावलं लागतात. आपल्या गावातली पोरं मोटरसायकलवर घाट उतरतात, तेव्हा त्यांना दुप्पटच वाटत असतं.

घाटात आठवण निघाली मिशेल मूतोंची. या फ्रेंच बाई. १९८१ साली इटलीतल्या सान रेमोच्या रॅलीत त्या ऑडी क्वाट्रो घेऊन उतरल्या. क्वाट्रो म्हणजे दोन दारांची कूपे, पण चारही चाकांना ताकद देणारी. शेजारी नकाशा वाचायला फाब्रित्सिया पोन्स, त्याही बाईच. डोंगरातले रस्ते, काही डांबरी, काही मातीचे. आणि त्यांनी रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेतली फेरी जिंकणारी ती पहिली बाई. पुढच्या वर्षी आणखी तीन फेऱ्या जिंकल्या आणि वर्षाअखेर जगात दुसरा नंबर आला. आपल्याकडे पुण्याच्या डायना पंडोले आहेत. शिक्षिका, दोन मुलांच्या आई. २०२४ साली पुरुषांच्या बरोबरीनं धावून त्यांनी सलून गटातली राष्ट्रीय अजिंक्यपदाची कार शर्यत जिंकली. भारतात बाईनं असं अजिंक्यपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ. आणि पुण्यातच टाटा मोटर्सच्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी जोडणारी एक अख्खी लाइन बायका चालवतात. म्हणजे गाडी बनवण्यात बाई आहे, पळवण्यात बाई आहे. राहिली आपल्या दारातली गाडी.

गावात परत आल्यावर गटाच्या बैठकीत हा विषय दोन तास चालला. आक्कांनी सुरुवात केली. "बघायला बरी हाय. पर दळण आणायला जमंल का? लिटरला पाच-सहा किलोमीटर जाती म्हनं. ती गाडी हाय का चरायला सोडलेला घोडा?" खरं आहे. मस्टँग २०१६ साली भारतात आली तेव्हा तिची किंमत पासष्ट लाखांच्या घरात होती. आम्ही वहीवर हिशेब मांडला. आम्ही बारा जणी, महिना दोनशे रुपये, नऊ वर्षं. दोन लाख एकोणसाठ हजार दोनशे. म्हणजे आमच्यासारख्या पंचवीस गटांनी नऊ वर्षं पोटाला चिमटा घेऊन साठवलं, तर एक गाडी. हे ऐकून खोली गप्प झाली. गावातले गतिरोधक बघता ती आपल्या वेशीतच पोट घासून अडकेल, हेही खरं. पुण्यात सुद्धा बाई ती तिरकी करून, एकेक चाक चढवत गतिरोधक ओलांडतात.

एक वहिनी म्हणाल्या, मग आपण त्या गाडीचं एवढं कौतुक का करतोय? आपल्या ताटात नसलेल्या पक्वान्नाचा वास घेत बसायचं कशाला?

त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अंगणवाडीताई बोलली. तिचा नवरा मुंबईला नोकरीला, शनिवारी येतो. दारात स्विफ्ट आहे, पाच दिवस कव्हर घालून उभी. गेल्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. शेजारचा मुलगा गावाला गेलेला. रुग्णवाहिका यायला पाऊण तास लागला. सासूबाई वाचल्या. पण तो पाऊण तास ती दारात उभी होती, तिच्या आणि गाडीच्या मध्ये सात पावलांचं अंतर होतं. किल्ली घरात होती, परवाना कपाटात होता. "मला वाटत होतं, माझ्यानं होणार न्हाई," ती म्हणाली. "चारशे घोड्यांची गाडी मी नेली आनि परत आनली. आता स्विफ्टचं काय घेऊन बसलाय?"

त्या रविवारी तिनं नवऱ्याकडे किल्ली मागितली. तो "बघू" म्हणाला. सासूबाई उठल्या, देव्हाऱ्याच्या खणातून दुसरी किल्ली काढून आणली आणि तिच्या हातात दिली. आता सोमवारी ती वाईच्या बाजाराला स्वतः गाडी घेऊन जाते. नवरा घरी असला की शेजारी बसतो आणि प्रत्येक वळणाला हँडब्रेककडे हात नेतो. चालायचंच.

गटानं त्या बैठकीत एक ठराव केला. तोपर्यंत आमच्याकडे अंतर्गत कर्जाची कारणं ठरलेली होती. शेळी, शिवणयंत्र, शिक्षण, आजारपण, घरदुरुस्ती. त्यात गाडी शिकण्याची फी घातली. सहा हजारांपर्यंत, महिना एक टक्का व्याज, दहा हप्ते. विरोध झाला. "ह्यातून उत्पन्न काय?" हा प्रश्न आला आणि तो चुकीचा नव्हता. उत्तर आमच्या दारातच उभं होतं. छोट्या हत्तीवर आम्ही दोघीच चालक, एक आजारी पडली की ऑर्डर सोडावी लागत होती. ठराव आठ विरुद्ध चार मतांनी झाला. आक्कांनी विरोधात मत दिलं आणि कर्जाचा पहिला चेकही त्यांच्याच सहीनं गेला.

सहा जणींनी कर्ज घेतलं. चौघींचा परवाना आला. एकीची गाडी उलट घेताना खांबाला टेकली, ती पुन्हा परीक्षा देणार आहे. एकीला घरून थांबवलं, तिनं मात्र हप्ता एकही चुकवला नाही.

तुमच्यापैकी कुणाला शिकायचं असेल तर वाट अशी आहे. वय अठरा पूर्ण हवं. आधी शिकाऊ परवाना. त्याचा अर्ज परिवहन विभागाच्या सारथी संकेतस्थळावर होतो, आधार असेल तर नियमांची परीक्षा घरबसल्या ऑनलाइन देता येते. तो सहा महिने चालतो. तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते, ती मात्र प्रत्यक्ष गाडी चालवून. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असला, की एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडीही चालवता येते. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये तसा निकाल दिला आहे. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, त्यात आलं. गाडी चालवण्याआधी तिचा विमा चालू आहे का तेवढं बघा. आणि शिकवणारा माणूस ओरडत असेल तर शिकवणारा बदला. फी तुम्ही भरताय.

त्या वहिनींचा प्रश्न अजून आमच्याजवळ आहे. न मिळणाऱ्या गोष्टीचं कौतुक कशाला? आम्ही पैठणीच्या दुकानासमोर थांबतो. विकत घेत नाही, पण पदरावरचा मोर बघतो आणि कुणाच्या हाताला किती महिने लागले असतील याचा अंदाज करतो. कुणी म्हणत नाही की वेळ वाया गेला. कूपेची उतरती पाठही कुणीतरी अशीच महिनोन् महिने मातीच्या नमुन्यावर हात फिरवून ठरवलेली असते. मोटारींचे नमुने आजही खास चिकणमातीत घडवतात. ज्याला हात आहे, त्याला दुसऱ्याचा हात ओळखता येतो. हौस ही फक्त पुरुषांच्या खात्यावर जमा करायची गोष्ट नाही.

डॉक्टरबाईंचा उन्हाळ्यात फोन आला होता. पुढच्या हिवाळ्यातली न्याहारी पुन्हा आमच्याकडेच आहे. या वेळी ऐंशी माणसं. आमच्याकडे आता सात परवाने आहेत. गाडी कोण चालवणार यावरून आत्ताच भांडणं सुरू झाली आहेत. आक्का म्हणतात, चिठ्ठ्या टाका. आणि हळूच सांगतात, एक माझ्याही नावाची टाका, परवाना नसला तरी पुढच्या सीटवर बसायला.

चला, वेळ झाली. रस्त्यावर पट्टा लावा, वळणावर हॉर्न द्या आणि दारात गाडी असेल तर आज एकदा तिची किल्ली कुठे ठेवतात ते बघून ठेवा. नमस्कार.